स्वभाषेचा एक तास

उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या डंडॉक शहरात ९७.७ मेगाहर्ट्झवर 'डंडॉक एफएम' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालते. २००९ च्या आयरिश प्रसारण कायद्यानुसार अशा केंद्राने आपल्या समाजाचे प्रतिनिधित्व करावे, त्याला उत्तरदायी असावे आणि खर्च भागेल एवढेच उत्पन्न मिळवावे. स्थलांतरितांसाठी ही तरतूद मोलाची आहे. पश्चिमेकडील गॉर्ट गावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांसप्रक्रिया कारखान्यांत आलेल्या ब्राझिलियन कामगारांची भाषा पोर्तुगीज. वेतन, घरभाडे, दवाखाना यांचे नियम मात्र इंग्रजीत. न समजलेला हक्क नसल्यासारखाच. अशा विखुरलेल्या समूहांना स्वतंत्र पोर्तुगीज केंद्राचा खर्च पेलणे कठीण; सामुदायिक केंद्रावरील आठवड्याचा एक तास स्वयंसेवकांच्या बळावर चालू शकतो. आयर्लंडमधील मराठी मंडळींनाही तोच मार्ग खुला आहे.