बंबाचें पोट व त्याची निगा

परभणी-परळी लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हें स्थानक आहे. नृसिंहाच्या दर्शनास शहरांतून आलेल्या मंडळींना या मुलखांत विंधणविहिरीच्या पाण्यानें स्नान करतांना पुष्कळदा असा अनुभव येतो कीं, साबणाला फेंस धरत नाहीं. त्याच पाण्यांत तुरीची डाळहि लवकर शिजत नाहीं. असें पाणी दुष्फेन, म्हणजे जड.

हा गुण खालच्या काळ्या कातळाचा. पावसाचें पाणी मुरतांना मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन किंचित् आम्ल बनतें आणि खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून बरोबर आणतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमच्या आंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. असें पाणी तापलें कीं वायु उडून जातो आणि संगमरवर ज्या द्रव्याचा, तेंच द्रव्य पांढऱ्या पुटाच्या रूपानें भांड्याला चिकटतें. पातेल्यांतील पूट डोळ्यांना दिसतें, म्हणून घासलें जातें. बंबाच्या पोटांत कोण डोकावतो?

तांब्याच्या बंबाची रचना मोठी शहाणपणाची आहे. मधोमध धुराडें, त्यांत पऱ्हाट्या, तुराट्या अथवा गोवऱ्यांचा जाळ, आणि सभोंवार पाणी. तोटी बहुधा बुडापासून थोडी वर बसविलेली असते. त्यामुळें कांहीं पाणी नेहमीं तळाशीं राहतें आणि सांध्यांचा डाख वितळत नाहीं. कोरड्या बंबांत जाळ घालणें म्हणजे तो कासाराकडे पोंचविणें होय. परंतु तोटीखालच्या याच पाण्यांत गाळहि सांचतो. त्यासाठीं महिन्यांतून एकदां थंड बंब दोघांनीं उचलून पालथा करावा आणि खळबळून ओतावा. वर्षांतून एकदां चिंचेचा कोळ कोमट पाण्यांत कालवून रात्रभर आंत ठेवावा. पूट बुडबुडे सोडीत सुटतें. बाजारांतील तीव्र ॲसिड मात्र वापरूं नये. तें पुटाबरोबर धातूहि खातें. तांब्याच्या मानानें या पुटांतून उष्णता शंभराहून अधिक पटींनीं कमी वाहते. अर्थात् पूट वाढलें कीं आंच पाण्यांत न शिरतां धुराड्यावाटें आकाशांत जाते आणि जळण वाढतें. धुराड्यांतील काजळीनेंहि तेंच होतें, तीहि खरवडावी.

विजेच्या गीझरचें दुखणें निराळें. तेथें तापणारी कांडी पाण्यांतच बुडालेली असते, त्यामुळें तिची उष्णता जाऊन जाऊन पाण्यांतच जाते. वीजबिल फारसें वाढत नाहीं, म्हणून रोग ध्यानांत येत नाहीं; पण पुटाखालीं कांडी स्वतः अतिशय तापते आणि एके दिवशीं जळते. पुष्कळ गीझरांत मॅग्नेशियमची आणखी एक कांडी असते. ती स्वतः झिजून पोलादी टांकीला गंज लागूं देत नाहीं. जड पाण्याच्या गांवीं ही कांडी दरवर्षीं तपासून घ्यावी, आणि झिजली असल्यास बदलावी.

अमेरिकेंत चाकांवरच्या घरांतून प्रवास करणारे लोक हिंवाळ्यापूर्वीं आपल्या गाडींतील बंब रिकामा करतात, कारण पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें आणि टांकी फाटते. परभणीस तें भय नाहीं. येथें टांकी उपसावयाची ती गाळासाठीं आणि घर फार दिवस बंद राहणार असेल तेव्हां. प्रथम भिंतीवरचें बटण बंद करावें आणि पाणी पुरतें निवूं द्यावें. मग थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा, म्हणजे हवा आंत शिरेल. नंतर खालचें बूच अगर झडप उघडून पाणी बादलींत घ्यावें. पांढरी कणी येईल, ती थांबेपर्यंत थोडें थोडें ताजें पाणी सोडून टांकी विसळावी. भरतांना गरम नळ उघडाच ठेवावा. धार फुरफुर न करतां अखंड वाहूं लागली म्हणजे टांकी भरली. त्यापूर्वीं बटण दाबूं नये.

आतां झडपेविषयीं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २ किलोवॅटच्या कांडीला सुमारें २१ मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत तें पाणी जवळ जवळ पावशेर, म्हणजे सव्वादोनशें मिलिलिटर, फुगतें. त्याला मागें जाण्यास वाट नसेल तर तें सुरक्षा-झडपेंतून थेंब थेंब गळतें. हें गळणें बिघाड नव्हे. गळती थांबावी म्हणून झडपेच्या तोंडाला बूच ठोकणारे महाभाग मात्र आढळतात! तापमान आवरणारें यंत्र बिघडलें तर अशा टांकींत पाणी शंभर अंशांच्याहि वर जातें. आणि टांकी फुटतांच त्याची एकदम वाफ होते. वाफेला मूळच्या पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा लागते. मग स्नानगृहाच्या भिंतीहि तिला पुरत नाहींत. थंड असतांनाहि झडप सतत गळत असेल, तर ती काढून तेवढ्याच दाबाची नवी बसवावी. हा आंकडा तिच्यावरच कोरलेला असतो. तिची नळी नेहमीं उघडी ठेवावी आणि तिचें तोंड फरशीकडे वळवावें.