मुलांसह प्राणिसंग्रहालयास जाताना

नाताळची सुटी लागली, की हैदराबादेतील मराठी घरांत नांदेड-परभणीकडील पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, आणि पाहुण्यांबरोबर आलेल्या बालमंडळींचा पहिला हट्ट ठरलेला असतो: 'आम्हांला वाघ दाखवा!' मग वडीलधारी मंडळी एक दिवस मोकळा काढतात, धपाट्यांचे डबे भरले जातात आणि आठदहा माणसांचा मेळा नेहरू प्राणिसंग्रहालयाकडे निघतो. संध्याकाळी तोच मेळा परततो तेव्हा मुले पेंगुळलेली असतात, आजी गुडघे चोळीत बसते, आणि 'काय काय पाहिलेत?' ह्या प्रश्नास एकच उत्तर मिळते, 'सगळे पाहिले!' आमच्या घरी अनेक वर्षे हेच घडत आले. सगळे पाहण्याच्या नादात काहीच पाहणे होत नाही, हे आम्हांस एका फजितीने शिकविले. ती फजिती पुढे सांगूच.

हे संग्रहालय ६ ऑक्टोबर १९६३ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यापूर्वी शहरातील प्राणी बाग-ए-आम ह्या सार्वजनिक उद्यानात ठेवलेले असत. मीर आलम तलावालगतची सुमारे ३८० एकर जागा नव्या संग्रहालयास मिळाली. एवढा विस्तार एका दिवसात, तोही लहान पावलांनी, तुडविणे केवळ अशक्य होय. म्हणून आदल्या रात्री मुलांना जवळ बसवावे आणि प्रत्येकाने एकच प्राणी निवडावा. चार मुले असतील तर चार प्राणी. वाटेत आणखी जे दिसतील ते दिसोत. पण ह्या चारांपुढे प्रत्येकी पाव तास तरी उभे राहावयाचे, असा करार करावा. आजी-आजोबांसाठी आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. त्यांचे तिकीट काढण्यात कमीपणा कसला?

आता वेळेविषयी. सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून राहतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दुपारी बारा वाजता त्याच्यापुढे जाऊन 'हा तर झोपलाच आहे!' म्हणून हिरमुसणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली, आणि त्याला उठविण्यासाठी शिट्ट्या मारणारे त्यांचे वडीलही पाहिले. ह्यात दोष सिंहाचा नव्हे, आपल्या घड्याळाचा आहे. वाघ, सिंह, बिबळ्या हे पहाटे व सांजवेळी हिंडणारे प्राणी. तेव्हा सकाळी दार उघडताच आधी त्यांच्याकडे जावे आणि ऊन चढू लागले म्हणजे पाणघोड्याकडे वळावे. पाणघोड्याची कातडी उन्हाने लवकर कोरडी पडते, म्हणून तो दिवसाचा बराच काळ पाण्यात काढतो. त्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या बाजूस असल्यामुळे सारे शरीर बुडालेले असतानाही त्याला पाहता, ऐकता व श्वास घेता येतो. तो बुडी मारील तेव्हा मुलांनी घड्याळ लावून बसावे. बहुधा पाच मिनिटांच्या आत तो वर येतो. आमच्या मुलांनी ह्यावर पैजा लावल्या होत्या, आणि एरवी दोन मिनिटे स्वस्थ न बसणारी ती मंडळी तेथून हलेनात.

मगर तोंड वासून निश्चल पडलेली दिसली, की ती गिळावयास टपली आहे असे मुलांना वाटते. खरे पाहता अंगातील उष्णता कमी करण्याचा तिचा तो एक उपाय असतो. सुसरीचा जबडा मात्र लांब आणि चिंचोळा, मासे पकडण्यासाठी घडलेला. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा येतो. त्यावरूनच हिंदीत त्याला 'घडियाल' म्हणतात.

भर दुपारी रात्रिंचर प्राण्यांच्या दालनात जावे. तेथे दिव्यांच्या योजनेने दिवसाची रात्र व रात्रीचा दिवस केलेला असतो. त्यामुळे वटवाघळे, उदमांजरे आपल्या दुपारी जागी असतात. आत शिरताच काही दिसत नाही म्हणून लोक लगेच बाहेर पडतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यावयास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ भिंतीशी गप्प उभे राहिले, तर काळोखातून एकेक आकृती उमटू लागते.

मोठ्या प्राण्यांपुढे गज नसून खंदक का, असे एका मुलाने आम्हांस विचारले होते. ही कल्पना जर्मनीतील कार्ल हागेनबेक ह्यांनी रूढ केली. १९०७ साली हांबुर्गजवळ त्यांनी काढलेल्या संग्रहालयात प्राणी किती लांब उडी घेऊ शकतो हे अजमावून खंदक खोदले होते. प्राण्यास मोकळे वाटते आणि पाहणाऱ्यासही तो पुरा दिसतो. परंतु ही मोकळीक पाहून पुष्कळांस धोक्याचा विसर पडतो. छायाचित्रासाठी मुलाला कठड्यावर बसविणारे पालक पाहिले, की आमच्या काळजाचा ठोका चुकतो. २०१४ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडून प्राणास मुकला. कठड्यावर हात टेकावेत, अंग टाकू नये.

दुसरी सावधगिरी प्राण्यांच्या बाजूने. हरणाला बिस्किट, माकडाला शेंगदाणे देण्याची आपल्या लोकांना हौस फार. त्यामागे दयाच असते हे आम्ही जाणतो. पण तेथील प्रत्येक प्राण्याचा आहार मोजून दिलेला असतो, आणि खाऊबरोबर गेलेली प्लास्टिकची पिशवी हरणाच्या पोटात अडकून राहते. थायलंडमधील एका तळ्यात लोक शुभ म्हणून नाणी टाकीत. त्या तळ्यातील एका समुद्री कासवाने ती गिळली. २०१७ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या पोटातून ९१५ नाणी काढण्यात आली. त्यांचे वजन पाच किलो भरले. पुढे थोड्याच दिवसांत ते कासव मेले. मगर जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी खडा किंवा नाणे फेकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे वा गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे.

आता ती फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण गेलो होतो. छोट्या आगगाडीची वेळ गाठावयाची म्हणून सर्वांना अक्षरशः पळविले. गाडीपाशी पोचून माणसे मोजली, तो आठच! सहा वर्षांचा पुतण्या नाही. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. आम्ही तिघे तीन दिशांना धावलो. ती वीस मिनिटे आजही नकोशी वाटतात. शेवटी तो सापडला तो गालापागोस बेटांवरच्या महाकाय कासवापुढे. हे कासव बाग-ए-आममधून १९६३ साली येथे आले होते. त्याचे वय सव्वाशे वर्षांचे सांगत, आणि २०२४ च्या मार्चमध्ये ते वारले. आम्ही रागाने हात धरला, तर पुतण्या म्हणतो, 'काका, थांबा ना! त्याचे एक पान अजून संपायचे आहे.' आम्ही थांबलो. पान संपावयास पुष्कळ वेळ लागला. आगगाडी अर्थातच निघून गेली.

तेव्हापासून निघण्यापूर्वी प्रत्येक लहान मुलाच्या खिशात दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी जाते, आणि चुकामूक झाल्यास असशील तेथेच उभा राहा, गणवेशातील सेवकाला चिठ्ठी दाखव, असे दोनदा वदवून घेतले जाते. डबा खाण्यास ठरवून दिलेल्या जागीच बसावे. झाडावरच्या माकडांना धपाट्यांचा वास आपल्याआधी लागतो! दुपारी तीनच्या सुमारास, मुले अजून हसत असतानाच, परतीची वाट धरावी.

आणि एवढी सारी सिद्धता करून सोमवारी मात्र निघू नये. दर सोमवारी हे संग्रहालय बंद असते. आठवड्यातून एक दिवस दारे बंद ठेवण्याचा नियम देशातील सर्वच मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांना लागू आहे. त्या दिवशी कुंपणांची डागडुजी होते, आणि माणसांच्या नजरेवाचून प्राण्यांना जरा विसावा मिळतो. आमचे परभणीचे मेहुणे हे न विचारता दोन रिक्षा भरून गेले होते. बंद दारापुढे बसून त्यांनी डबे खाल्ले आणि मंगळवारी पुन्हा गेले.