तिघे, दोघे आणि एक संघ

युनिफाइड बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच खेळाडू उतरतात. तिघे बौद्धिक अक्षमता असलेले, दोघे ती नसलेले. 'स्पेशल ऑलिम्पिक्स'च्या या खेळात त्या दोघांना स्वयंसेवक म्हणत नाहीत, ते 'पार्टनर'. जर्सी एकच, आणि सामना हातचा गेला तर हरतात पाचही जण.

या तिघांत डाउन सिंड्रोम असलेले अनेक तरुण असतात. हा आजार नव्हे. शरीरातल्या २१व्या गुणसूत्राची जोडी असते, तिथे यांच्याकडे तीन प्रती असतात. म्हणूनच तिसऱ्या महिन्याची २१ तारीख, म्हणजे २१ मार्च, हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. २०१२पासून संयुक्त राष्ट्रसंघही तो पाळतो. यांचे स्नायू सैल असतात, बोलणं उशिरा येतं. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. हृदयशस्त्रक्रिया आणि उपचार सुधारले, तसं अमेरिकेत त्यांचं सरासरी आयुष्य १९८३मधल्या २५ वर्षांवरून आज ६०च्या आसपास गेलं.

म्हणजे ही मुलं आता मोठी होतात. घरी आईबाबा असतात, थेरपिस्ट ताई असतात. नसतो तो बरोबरीचा मित्र.

ही उणीव १९८०च्या दशकात जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अँथनी केनेडी श्रायव्हर या विद्यार्थ्याने हेरली. त्याची आई युनिस हिनेच १९६८मध्ये शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्सची पहिली स्पर्धा भरवली होती. त्याने 'बेस्ट बडीज' सुरू केलं. एका विद्यार्थ्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या एकाशी मैत्री करायची. सिनेमाला जायचं, वाढदिवसाला बोलवायचं. इथे शिकावं लागतं ते थांबणं. समोरच्याचा शब्द ओठांवर अडखळला, तर तो आपण पुरा करायचा नाही. त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्यायचं.

आपल्याकडे डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूने २०१४च्या 'यलो' या मराठी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. मुंबईत जुहूच्या 'कॅफे अर्पण'मध्ये बौद्धिक अक्षमता असलेले तरुण नोकरी करतात.

२१ मार्चला जगभर लोक दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात, कारण गुणसूत्रांचा आकार मोज्यांसारखा दिसतो. कॉलेजांतही हे सहज होण्यासारखं आहे, फोटोही छान येतात. पण त्या मित्राला खरी गरज असते ती २२ मार्चला येणाऱ्या फोनची: "संध्याकाळी मॅच आहे, येतोस ना?"