अंग तापेपर्यंत

“मुलांनी घरूनच अंग मोकळं करून यावं, टर्फचा वेळ फक्त खेळासाठी.” एका अकादमीनं पालकांच्या ग्रुपवर धाडलेला हा निरोप वाचला आणि कोल्हापूरच्या फुटबॉलमधले आजवरचे सगळे वॉर्मअप आठवले.

ऐंशीच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. यायचं, बूट बांधायचे, खेळायचं.

खरी गंमत नव्वदीत. शाळेत पीटीच्या सरांची शिट्टी वाजली की मैदानाला फेऱ्या. मग ओळीत वाकून पायाचे अंगठे धरायचे, ते सरांच्या गप्पा संपेपर्यंत. उशिरा आलेल्याला फेऱ्या जास्त, म्हणजे वॉर्मअप कुठला आणि शिक्षा कुठली, कळायचं नाही. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर लगेचची धाव आणि उडी थोडी मंदावते, असं पुढे अभ्यासांत दिसलं. सर आता निवृत्त आहेत. त्यांनी वाचावं म्हणूनच हे लिहिलं.

पेठेतल्या तालमीची तऱ्हा निराळी. इथले संघ खेळतातच तालमींच्या नावानं: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. आमच्याकडची जुनी मंडळी आधी सावकाश पळवायची, मग जोर-बैठका, मग उड्या, शेवटी सुसाट धावा. घाम फुटल्याशिवाय चेंडू मिळायचा नाही. २००६ मध्ये फिफाचं ‘११+’ हे वॉर्मअप आलं, त्याचा क्रम तरी काय वेगळा? आधी हळू धावणं, मग ताकद, उडी आणि तोल, शेवटी वेगात धावणं-वळणं. वीस मिनिटं, साधन म्हणून एक चेंडू. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर ते तपासलं. ज्या क्लबांनी केलं तिथं गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. हा अभ्यास २००८ सालचा. नियमानं करणाऱ्यांना फायदा जास्त, हेही पुढे दिसलं.

२०१७ साली अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. मग काय, अकादम्यांचं पीक! मुलीही खेळू लागल्या, हे फार चांगलं झालं. पण गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त असतो, आणि नेमकी त्यांचीच वीस मिनिटं कापली जातात. टर्फचं भाडं तासावर; वीस मिनिटं म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा. जाळीबाहेरची मोकळी जागा तरी द्या, म्हणून विचारलं. तिथं पालकांच्या गाड्या लागतात म्हणे.