मागील पानावरून पुढे

आपल्याकडे जुनी वस्तू एकदम टाकून द्यायची पद्धत नाही. ती आधी पडवीत जाते, मग माळ्यावर, आणि पुढे भंगारवाला ती वजनावर न्यायला येतो तेव्हा घरातले कुणीतरी 'अहो, ते राहू द्या' म्हणतेच. तांब्याचा बंब, शिवणयंत्र, रेडिओ यांच्या पंगतीत आता टेबलावरचा कॉम्प्युटरही जाऊन बसला आहे. पेण काय, रोहे काय, ज्या घरातली मुले वीस वर्षांपूर्वी कॉलेजात गेली, तिथे प्लास्टिकचे आवरण घातलेला असा एक डबा हटकून दिसतो.

या डब्याचे आयुष्य संपले, हे ठरवतात दुसरेच. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज इलेव्हनला किमान चार जीबी मेमरी लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती जुन्या यंत्रात नसते. यंत्र मात्र बऱ्याचदा ठणठणीत असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक आहे, पण शाखेने त्याचे पासबुक भरणे बंद केले आहे.

माझा डबा २००८ सालचा. त्याच्यावर माझ्या दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. त्या छापल्या गेल्या, त्यांची काळजी नव्हती. पण त्याच्या पोटात आणखी एक फाइल होती: आईच्या जात्यावरच्या ओव्या. ती सांगायची आणि मी टाइप करायचो. तीनशे बारा झाल्या आणि ती गेली. ज्या वहीत काही ओव्या उतरवल्या होत्या, ती वाळवीने खाल्ली. कोकणात वाळवीपुढे कुणाचे चालत नाही. सीडीवर घेतलेली प्रत आता कोणताच ड्राइव्ह वाचत नाही; घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, तो काळाने विरतो. राहिला तो डबा, आणि तो श्रावणात सुरूच होईना.

चादरीत गुंडाळून तो मी पॅसेंजरने पेणला नेला. नागोठण्याला चढलेल्या एका बाईंनी मांडीवरचे गाठोडे पाहून विचारले, "गणपती का हो?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "तेच म्हटलं, गणपती पेणहून आणायचा असतो. तुम्ही उलटे कसे निघालात?"

पेणच्या दुकानातला मुलगा हमरापूरचा. घरी मूर्तींचा कारखाना, त्यामुळे श्रावणात हा अर्धा दिवस दुकानात आणि अर्धा दिवस रंगकामात. नखांत सोनेरी रंग अडकलेला. त्याने झाकण उघडून आधी धूळ झटकली आणि मग नाण्याएवढा एक सेल काढून फेकला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. हा मेला की यंत्राचे घड्याळ चुकते, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पाने उघडत नाहीत. लोक मग व्हायरस आला म्हणून घाबरतात. माझ्या यंत्राचा आजार त्याहून मोठा होता. हार्ड डिस्कवरचे काही भाग खराब झाले होते आणि नेमकी विंडोजची पाने त्यांवर पडली होती.

"काका, सी ड्राइव्हमध्ये काही आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. इथे वाचकांनी थोडे थांबावे. नवी सिस्टिम टाकताना सहसा सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि समोर डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली, 'माय डॉक्युमेंट्स'मधल्या फाइली, हे सगळे मुळात सी ड्राइव्हमध्येच असते. डी ड्राइव्ह वाचतो म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचे लग्नाचे फोटो असेच जातात.

त्याने डिस्कला हात लावला नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स घेतले आणि यंत्र त्यावरून सुरू केले. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही सिस्टिम फुकट मिळते, आणि तिच्या अनेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरूनच चालतात. यंत्राची स्वतःची सिस्टिम मेलेली असली तरी अशी बाहेरून आणलेली सिस्टिम आतली कपाटे उघडून दाखवते. त्याने सगळे फोल्डर दोन ठिकाणी उतरवले, मग फाइलींची संख्या आणि आकार जुन्याशी ताडून पाहिले.

मला बरे वाटले. मी बँकेत लागलो तेव्हा यंत्रीकरणावरची रंगराजन समितीची शिफारस १९८४ ची, ताजी होती, आणि युनियनची मंडळी कॉम्प्युटरच्या नावाने कडाकडा बोटे मोडीत. लेजरची खाती यंत्रावर चढवताना आम्ही रात्री जागून बाक्या जुळवल्या. बेरीज जुळल्याखेरीज जुने लेजर बंद होत नसे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झालेले चिंतामणराव देशमुख, आमच्या रोह्याचे. तेव्हा रोहेकर बँकवाल्याला ताळा दिसला की भरून येते.

जुनी डिस्क काढून त्याने एसएसडी बसवली, दोन जीबी मेमरी वाढवली आणि लिनक्सच कायमचे टाकले. अर्ध्या तासात काम झाले. मी ओव्यांची फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि डॉलरची चिन्हे!

युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठीचा हा वारसा आहे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे तेव्हा छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून चालत. प्रत्येकाची मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवलेले असत, आणि तो फॉण्ट नसला की घरातले मूळ भाडेकरू बाहेर डोकावतात. १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले, पण घरोघरच्या यंत्रांवर ती सोय रुळायला पुढे कितीतरी वर्षे गेली. एक्सपीवर तर ती मुद्दाम सुरू करावी लागे. तोवर माझ्यासारख्यांनी हजारो पाने जुन्या मांडणीत लिहून ठेवली होती.

"साचा राहिला काका," असे म्हणून मुलाने जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉण्टांच्या फोल्डरातून ती फाइल शोधली आणि नव्या यंत्रात टाकली. आईच्या ओव्या पडद्यावर आल्या. मी बाहेर जाऊन चहा घेतला.

घरी येऊन त्या युनिकोडमध्ये बदलल्या, आणि हेच काम सर्वांत जिकिरीचे निघाले. जुन्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, म्हणजे हात चालेल तसा. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा. बदलणारा प्रोग्रॅम रफाराशी अडखळतो आणि 'ऱ्य'पाशी तर हमखास पडतो. एका ओवीत त्याने 'दऱ्या' दिले. अर्थ लागत होता. आईचे माहेर डोंगराकडचे. तरी जुना फॉण्ट लावून मूळ फाइल पाहिली. तिथे स्वच्छ 'दर्या' होता.

आठवडाभर एकेक ओवी अशी ताडून पाहिली. मग छापील प्रत नागोठण्याला बहिणीकडे पाठवली आणि विचारले, शहाण्णवावी आणि दोनशे तिसरी एकच दिसते, एका शब्दाचा फरक आहे, एक काढू का? तिने फोनवर दोन्ही म्हणून दाखवल्या. "काढू नको रे," म्हणाली, "एक ती दळताना म्हणायची, एक कांडताना. चाल वेगळी आहे."