काजूवर भलताच आळ

मार्च लागला की रत्नागिरीच्या बाजारात ओले काजूगर येतात आणि त्यांच्यामागोमाग ठरलेला सल्लाही येतो: "उसळ बेतानं खा हो, कोलेस्टेरॉल वाढेल." यातलं ‘बेतानं’ तेवढं खरं. आहारातलं कोलेस्टेरॉल येतं ते दूध, अंडी, मटण, मासळी यांतून. काजूत ते नसतंच. १०० ग्रॅम सुक्या काजूत ४४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो खरा, पण त्यातला निम्म्याहून जास्त वाटा ओलेइक आम्लाचा, म्हणजे ज्यासाठी ऑलिव्ह तेलाचं एवढं कौतुक होतं त्याचाच. जोडीला १८ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर मॅग्नेशियम, तांबं, जस्त. बेत सांभाळायचा तो उष्मांकांसाठी. ३० ग्रॅमची एक मूठ म्हणजे १६५ कॅलरी, आणि खारे तळलेले काजू एका मुठीवर कधी थांबत नाहीत. काजूची ॲलर्जी असेल तर मात्र एक तुकडाही महागात पडतो. अशांनी पिस्त्यापासूनही जपावं.

हल्ली सूर्यफुलाच्या बिया खाणारे काजूला नाकं मुरडतात. उष्मांक त्या बियांतही काजूपेक्षा कमी नाहीत, थोडे जास्तच आहेत. ई जीवनसत्त्वात मात्र सूर्यफूल फार पुढे: १०० ग्रॅमला सुमारे ३५ मिलिग्रॅम, तर काजूत जेमतेम एक.

खरी भीती बाळगायची ती टरफलाची. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे काजूच्या टरफलातलं तेल बिब्ब्यासारखंच अंगावर उततं. ओले काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते याच कारणानं. दुकानात ‘कच्चे’ म्हणून मिळणारे पांढरे काजू तरी कुठे कच्चे असतात? बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, गर सुकवतात आणि साल काढतात. बिया चुलीत भाजायच्या झाल्या तर तोंड लांब ठेवावं, कारण तेल भडकतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो. हेच तेल होडीच्या लाकडाला लावतात, आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही ते जातं.

मोठा, अखंड काजू जास्त पौष्टिक, हा समज दुकानदारांच्या सोयीचा. पाकिटावरचे १८०, २४०, ३२० हे आकडे एका पौंडात किती गर बसतात ते सांगतात, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. पोषण पाकळीत आणि तुकड्यातही तेवढंच. वाटून रश्श्यातच घालायचे असतील तर अखंड काजूला पैसे मोजणं मला तरी पटत नाही. गर मोठा मिळावा यासाठी मेहनत झाली आहे ती कलमांवर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं कोकणात सगळीकडे दिसतात. १९८१पर्यंत वेंगुर्लाही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, तेव्हा थोडं श्रेय घ्यायला हरकत नाही.

सगळ्यांत जास्त अन्याय होतो तो बोंडावर. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी; बोंड हा फुगलेला देठ. पण त्या देठाच्या १०० ग्रॅममध्ये सी जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं, संत्र्याच्या चौपट. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे बी पिरगळून काढली की बोंडांचा ढीग झाडाखालीच कुजतो. बोंड टिकत नाही आणि टॅनिनमुळे घसा धरतो, या तक्रारी रास्त आहेत. त्यांतल्या घशाच्या तक्रारीवर उपाय आहे. फोडी करून मीठ लावावं, किंवा रसात साबुदाण्याची पातळ पेज घालून थोडा वेळ ठेवावं. टॅनिन खाली बसतं. वरचा निवळ रस गाळून साखर घातली की सरबत तयार. उकळू मात्र नये, सी जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं. आणि बोंड सकाळी उचललं तर दुपारच्या आत कामी लावावं. दुसऱ्या दिवशी ते आंबतं, आणि मग त्याचं काय करायचं ते गोवेकरांनाच विचारावं.