ख्रिस्ती, ॲगाथा
(१५ सप्टेंबर १८९०–१२ जानेवारी १९७६). इंग्रज रहस्यकादंबरीकर्त्री. जन्म डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे. पहिल्या महायुद्धात तेथील रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत असता तिला विषांचे ज्ञान झाले. द मिस्टीरिअस अफेअर ॲट स्टाइल्स (१९२०) ह्या पहिल्याच कादंबरीत ते तिच्या उपयोगी पडले.

आरंभी ती हौसेने लिही. १९२६ मध्ये तिची आई वारली व पतीने घटस्फोट मागितला. पैशाची निकड असल्याने द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन (१९२८) तिने नेटाने पुरी केली. ही कादंबरी तिला कधीच आवडली नाही. परंतु मनात नसताना, लिहिलेले रुचत नसतानाही लिहिणे भाग पडले, तेव्हाच आपण व्यावसायिक लेखिका झालो, असे तिने आत्मचरित्रात (१९७७) म्हटले आहे.

लिहिण्यासाठी तिला न डगमगणारे टेबल व टंकलेखनयंत्र पुरे असे. खरे कष्ट कथानकाच्या जुळणीचे. त्यासाठीची टिपणे ती साध्या वह्यांत करी. अशा ७३ वह्या उपलब्ध असून त्यांत खुनाच्या क्लृप्त्यांशेजारीच घरगुती याद्याही आढळतात. टिपणे कमालीची विस्कळीत आहेत. खुनी कोण, हेही काही वेळा ठरलेले दिसत नाही. तिच्या कादंबऱ्यांची रेखीव रचना पाहता हे सहसा खरे वाटत नाही. पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवनशी १९३० मध्ये विवाह झाल्यावर इराक-सीरियातील उत्खननस्थळीही, सापडलेल्या वस्तू साफ करण्याचे काम सांभाळून, तिचे लेखन चालूच राहिले. दुसऱ्या महायुद्धात लिहून राखून ठेवलेली कर्टन ही कादंबरी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.